रस्त्यावरच्या बत्त्यांची तोंडे खाली करा

महोदय,

गेल्या महिन्यात रात्रीच्या एसटीने चिपळूणला निघालो होतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून रात्री झोप लागली नाही तर मी पुढची सीट धरून रस्ता बघत बसतो. महामार्गावर एका ठिकाणी काँक्रीटचे काम चालू होते, पाऊसही भुरभुरत होता. वळण घेताच समोरून त्या कामावरच्या दिव्याचा पांढराशुभ्र झोत आला आणि गाडीची काच दुधासारखी झाली. चालकाने एक हात कपाळावर आडवा धरला, ब्रेक मारला आणि एक शिवी हासडली. बस थांबली तेव्हा कळले की झोताच्या शेजारीच, बसपासून जेमतेम दोन हातांवर, एक पोरगा लाल झेंडा हलवत उभा होता. आम्हाला कोणालाच तो दिसला नव्हता. “रोजचंच आहे काका,” कंडक्टर म्हणाला.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीवर 31 वर्षे काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. शेवटची लोकल गेली की ब्लॉक मिळायचा, म्हणजे त्या रुळावरच्या गाड्या बंद, आणि पहिली लोकल सुटायच्या आत काम उरकून रूळ मोकळा करून द्यायचा. सुरुवातीला गॅसबत्त्या होत्या, मग जनरेटरवरचे 500 वॉटचे हॅलोजन आले. हॅलोजनचे नखरे फार. ट्यूबला उघडे बोट लागले तर ती लवकर जाणार, पुढची काच फुटलेली असली आणि तापल्या ट्यूबवर पावसाचा थेंब पडला की ‘टच्’ आवाज होऊन काळोख. थंडीत कसाऱ्याकडे मात्र आम्ही त्याच्यावर हात शेकायचो, हे कबूल करतो. पण बत्ती उभी केली की आमचे मुकादम आधी रुळावर शंभर पावले चालून जायचे आणि तिथून ओरडायचे, “तोंड खाली कर रे, मोटरमनच्या डोळ्यात जातंय!” शेजारच्या रुळावरून एखादी मालगाडी किंवा मेल येणारच असायची. चालकाला सिग्नलही दिसला पाहिजे आणि रुळाकडेचा माणूसही.

रस्त्यावर हे शंभर पावले चालून बघणे कोणी करत नाही. एलईडी आल्यापासून तर सगळे फारच सोपे झाले आहे. 100 वॉटचा चपटा दिवा जुन्या 500 वॉटच्या हॅलोजनइतका किंवा त्याहून जास्त उजेड देतो, एका हाताने उचलता येतो, लहान दिवे तर बॅटरीवरही चालतात. त्यामुळे तो कुठेही ठेवला जातो. सिमेंटच्या गोणीवर, बॅरिकेडला तारेने बांधून, नाहीतर सरळ जमिनीवर आडवा. जमिनीवर ठेवलेला दिवा लांबवर उजेड टाकायचा तर त्याचे तोंड समोरच धरावे लागते, म्हणजे नेमके येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांच्या रेषेत. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला आमच्या वयात कित्येक सेकंद लागतात. त्यात समोरच्या काचेवर पाणी आणि वायपरचे ओरखडे असले की उजेड सगळीकडे फाकतो. आणि झगझगीत दिव्याच्या शेजारी किंवा मागे उभा असलेला माणूस तर दिसतच नाही. त्याच्या रक्षणासाठी लावलेली बत्तीच त्याला लपवते.

काम करणाऱ्यालाही त्याचा फायदा नाही. एकाच बाजूने झोत असला की स्वतःचीच सावली हातावर पडते, खड्डा किती खोल ते कळत नाही. दोन बाजूंनी, उंचावरून दिवे सोडले की सावल्या फुटतात. 2025पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948च्या कारखाना कायद्यात, 17व्या कलमात, पुरेशा उजेडाबरोबरच डोळे दिपू नयेत आणि अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, असे स्पष्ट सांगितले होते. पंचाहत्तर वर्षांपूर्वी छपराखालच्या कामगारासाठी जे सुचले, ते उघड्या रस्त्यावर अजून पोचलेले दिसत नाही. मोठ्या कामांवर डिझेल जनरेटरचे, तीस फुटी खांबाचे लाइट टॉवर येतात, ते त्या मानाने बरे. पण तेही पुष्कळदा वाहतुकीकडे तोंड करूनच उभे असतात, कारण गाडी जिथे सोडली तिथेच खांब वर चढवला जातो.

माझी मागणी साधी आहे. कंत्राटदाराने किती दिवे लावले याची मोजणी होत असेलच, ते कुठे बघतात हेही बघावे. रात्रीचे काम सुरू होण्याआधी साइटवरच्या अभियंत्याने दोन्ही दिशांनी एकदा स्वतः गाडी चालवून यावे आणि मगच वहीत सही करावी. झेंडेवाल्याला दिव्याशेजारी उभे न करता थोडे पुढे उभे करावे, आणि त्याच्या अंगावर वरून उजेड पडेल अशी एक छोटी बत्ती वेगळी ठेवावी. उंचीसाठी दहा-बारा फुटी लोखंडी पाइप आणि दोन नटबोल्ट लागतात, एवढाच खर्च.

चार दिवसांनी दिवसाच्या गाडीने परत आलो. काम बंद होते, माणसे कुठे दिसत नव्हती. दिवे मात्र गोण्यांवर तसेच, आमच्याकडे तोंड करून ठेवलेले होते.

आपला,
एक निवृत्त रेल्वे सुपरवायझर, डोंबिवली