आयर्लंडकडून कोण खेळू शकतं?

डब्लिन, डिसेंबर २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारल्यात. डब्लिनची क्रिकेटपटू किम गार्थ ऑस्ट्रेलियाकडून कशी खेळते, आणि आपल्या ओंकारला इकडे शिकायला धाडलं तर तो आयर्लंडकडून खेळू शकेल का. दोन्हींचं उत्तर एकाच नियमात आहे. फोनवर ते नीट सांगून झालं नसतं, म्हणून लिहितोय.

आयसीसीच्या नियमाप्रमाणे तीनपैकी एक गोष्ट पुरते: त्या देशात जन्म, त्या देशाचा पासपोर्ट, किंवा लागोपाठ तीन वर्षं तिथं मुख्य घर करून वास्तव्य. याच्या जोडीला एक अट आहे. कसोटी दर्जाच्या म्हणजे पूर्ण सदस्य देशाकडून जो आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्याला दुसऱ्या देशाकडे जाताना शेवटच्या सामन्यापासून तीन वर्षं थांबावं लागतं. खालच्या, म्हणजे असोसिएट देशातून पूर्ण सदस्याकडे जाणाऱ्याला मात्र ही थांबणूक नाही. वर जायला दार सताड उघडं आणि बाजूला किंवा खाली जायला कडी, असा हा प्रकार. आयर्लंडचं क्रिकेट पंचवीसेक वर्षं या दारातून गळत होतं.

१९९३ ते २०१७ आयर्लंड असोसिएट होतं. त्या काळात इथला चांगला पोरगा इंग्लिश काउंटीत, म्हणजे तिथल्या प्रादेशिक संघात, जायचा, कारण पगार तिथंच मिळायचा, आणि जमला की इंग्लंड त्याला उचलायचं. एड जॉइसनं इंग्लंडकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तो जून २००६ मध्ये बेलफास्टला, आणि समोर होतं आयर्लंडच! त्याच सामन्यात त्याचा सख्खा भाऊ डॉमिनिक आयर्लंडकडून पदार्पण करत होता. ओएन मॉर्गन २००७ चा विश्वचषक आयर्लंडकडून खेळला आणि २०१९ चा विश्वचषक कर्णधार म्हणून इंग्लंडला जिंकून दिला. बॉइड रँकिन तर जाऊन परत आला: इंग्लंडकडून एक कसोटी जानेवारी २०१४ मध्ये सिडनीला, नंतर आयर्लंडकडून २०१८ मध्ये डब्लिनजवळच्या मालाहाइडला. २००७ च्या सेंट पॅट्रिक डेला किंग्स्टनमध्ये पाकिस्तानला हरवणं, २०११ ला बंगळुरूत केव्हिन ओब्रायनच्या ५० चेंडूंतल्या शतकावर इंग्लंडच्या ३२७ धावा ओलांडणं, हे सगळं या गळतीतून उरलेल्या संघानं केलं. माझ्या मते त्या विजयांची खरी किंमत यामुळेच जास्त आहे.

२२ जून २०१७ ला आयर्लंड आणि अफगाणिस्तान पूर्ण सदस्य झाले आणि दाराला कडी लागली. आता इथून इंग्लंडकडे जायचं तर तीन वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट बंद. तरण्या खेळाडूला ते परवडत नाही. किम गार्थनं मात्र तेच केलं. तिचे आईवडील दोघंही आयर्लंडकडून खेळलेले. ती २०१९ ला आयर्लंडकडून शेवटची खेळली, २०२० ला व्हिक्टोरियाच्या करारावर मेलबर्नला गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाची टोपी घातली. तीन वर्षांचा हिशेब बरोबर जमतो. गेल्या ३० ऑक्टोबरला महिला विश्वचषकाच्या नवी मुंबईतल्या उपांत्य सामन्यात शेफालीला पायचीत आणि आपल्या सांगलीच्या स्मृतीला यष्टीमागे झेलबाद केलं ते तिनंच. पुढं जेमिमानं सामना काढला म्हणून बरं. गार्थला दोष देणारे इथं फार भेटत नाहीत, कारण त्या वेळी आयर्लंडच्या मुलींना क्रिकेटवर पोट भरता येत नव्हतं.

दर्जा मिळाल्याची दुसरी बाजू काउंटीत दिसली. आधी आयरिश खेळाडू काउंटीसाठी स्थानिक धरला जायचा. कसोटी दर्जानंतर त्याला सांगण्यात आलं की आयर्लंडकडून खेळायचं तर तू परदेशी, आणि परदेशी खेळाडूंच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. टिम मर्टाघनं जुलै २०१९ मध्ये लॉर्ड्सवर १३ धावांत ५ बळी घेऊन इंग्लंडला ८५ त गुंडाळलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मिडलसेक्स काउंटीतली नोकरी राखण्यासाठी आयर्लंडकडून निवृत्ती घेतली. पॉल स्टर्लिंगनं उलटा निर्णय घेतला: मिडलसेक्स सोडलं, आयर्लंड धरलं. (त्या लॉर्ड्स कसोटीत दुसऱ्या डावात आयर्लंड ३८ त आटोपलं, हेही सांगायला हवं.) काउंटीची शाळा बंद झाली आणि तिच्या जागी घरची शाळा अजून उभी राहायची आहे. लेन्स्टर, मन्स्टर, नॉर्दर्न आणि नॉर्थ वेस्ट असे चारच प्रांतीय संघ आहेत आणि त्यांचं क्रिकेट बहुतेक मर्यादित षटकांचं.

आता पासपोर्टचं. क्रिकेटमधलं आयर्लंड म्हणजे अख्खं बेट, प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून. बेलफास्टचा स्टर्लिंग आणि डब्लिनचा बालबर्नी एकाच संघात, तसं रग्बीतही आहे. आजी किंवा आजोबा या बेटावर जन्मले असतील तर परदेशात जन्मलेल्या नातवाला परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळतं. त्यासाठी तीन पिढ्यांचे जन्मदाखले आणि विवाहाचे दाखले लागतात, आणि कुठं आडनावाच्या स्पेलिंगात फरक निघाला की महिने जातात. जोहान्सबर्गचा कर्टिस कॅम्फर आयरिश आजीमुळे इथला झाला. २०२१ च्या टी-२० विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेणारा तोच, आणि यंदा जुलैत मन्स्टरकडून पाच चेंडूंत पाच. हरारेचा पीटर मूर झिंबाब्वेकडून आठ कसोटी खेळला होता. आजीमुळे मिळालेला आयरिश पासपोर्ट त्याच्याकडे होता, तरी तीन वर्षांची कडी त्यालाही चुकली नाही. २०२२ च्या अखेरीस मोकळा झाला आणि २०२३ ला मीरपूरमध्ये आयर्लंडकडून कसोटी खेळला. म्हणजे दार दोन्हीकडून तेवढंच जड आहे. बाहेरून आलेल्यांवर इथं अधूनमधून कुरकुर होते, ती मला पटत नाही. १९७१ पर्यंत गेलिक, म्हणजे देशी आयरिश, खेळांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना क्रिकेटसारखे ‘परके’ खेळ खेळायला बंदी घातली होती. त्या देशाला खेळाडू कमी पडले तर आश्चर्य काय?

दर्जाचं म्हणाल तर कागदावर मोठा, मैदानावर अर्धपोटी. पहिल्या कसोटीपासून साडेसात वर्षांत बारा कसोट्या. जुलै २०१९ नंतर एप्रिल २०२३ पर्यंत एकही नाही. पहिल्या सात हरल्यावर लागोपाठ तीन जिंकल्या: २०२४ ला अबुधाबीत अफगाणिस्तान, मग बेलफास्टला आणि २०२५ ला बुलावायोत झिंबाब्वे. गेल्या महिन्यात बांगलादेशात दोन्ही हरल्या. जागतिक कसोटी स्पर्धेच्या नऊ संघांत आयर्लंड नाही, त्यामुळे कसोटी ठेवण्याचं बंधन कुणावर नाही आणि ठेवली तर खर्च यजमानाचा. कायमचं मोठं स्टेडियम नाही. मालाहाइडचं क्लबचं मैदान मोठ्या सामन्याआधी तात्पुरत्या गॅलऱ्या, तंबू, केबल घालून उभं करावं लागतं आणि नंतर सगळं उतरवावं लागतं. भारताचा दौरा आला की प्रक्षेपणाच्या पैशात हे निघतं. ऑगस्ट २०२३ ला आपल्या पुण्याच्या ऋतुराजनं ५८ काढल्या त्या याच मैदानावर. बाकीच्या पाहुण्यांत ते निघत नाही, म्हणून २०२४ चा ऑस्ट्रेलियाचा आणि २०२५ चा अफगाणिस्तानचा दौरा मंडळानं परवडत नाही म्हणून ठेवलाच नाही. २०१९ आणि २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकांना आयर्लंड पात्रच ठरलं नाही. दहा संघांच्या विश्वचषकानं छोट्यांचं नुकसान केलं हे खरं, पण २०२३ च्या पात्रता फेरीत ओमानकडून हार पत्करली तेव्हा तो बहाणा संपला.

आता ओंकार. त्याला इथला जन्म नाही, आयरिश आजी नाही, उरलं वास्तव्य. रणजी किंवा महाराष्ट्राच्या संघाकडून खेळल्यानं आड येत नाही. मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेचा झाला तो तसाच. पंजाबातून इथं शिकायला आलेला सिमी सिंग २०१७ ला आयर्लंडकडून खेळला आणि २०२१ ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठव्या क्रमांकावर शतक ठोकलं. एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्या क्रमांकावरून शतक तोवर कुणाचंच नव्हतं.

हिशेब असा. एक वर्षाची मास्टर्स स्टॅम्प २ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या राहण्याच्या परवान्यावर, नंतर पदवीधरांचा परवाना, स्टॅम्प १जी, दोन वर्षं. तीन वर्षं होतात, पण श्वास घ्यायला जागा नाही. तिसरं वर्ष संपायच्या आत नोकरीचा परवाना हातात हवा, नाहीतर क्रिकेटला पात्र होईल त्याच महिन्यात व्हिसा संपेल. नागरिकत्वाचा हिशेब वेगळा: नऊ वर्षांतली पाच वर्षं लागतात आणि विद्यार्थ्याचा स्टॅम्प २ चा काळ त्यात धरत नाहीत. क्रिकेटला पासपोर्ट नसला तरी चालतं. तो घ्यायचा झाला तर भारताचा सोडावा लागतो, ते त्यानं आणि तुम्ही घरी बसून ठरवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हंगामाचा. इथला क्लब हंगाम एप्रिलअखेर ते सप्टेंबर. पुष्कळ पोरं तेवढंच खेळतात, हिवाळ्यात गावी परततात आणि पाच हंगामांनंतरही पात्र नसतात, कारण मुख्य घर इथं झालेलंच नसतं. ओंकारनं पहिल्या दिवसापासून भाडेकरार, कॉलेजची हजेरी, पगाराच्या पावत्या, विमानाची तिकिटं एका फायलीत ठेवावीत, आणि दिवाळीला येऊन मार्चपर्यंत तिकडेच क्लब क्रिकेट खेळायचा मोह टाळावा.

आणि पात्र झाला म्हणजे निवडला असं नव्हे. तो ऑफस्पिनर. ती जागा अँडी मॅकब्राइनची आहे, शिवाय मॅकब्राइन डावखुरी फलंदाजी करतो. इथल्या मऊ, दमट खेळपट्टीवर मे-जूनमध्ये चेंडू वळत नाही, नुसता थांबून येतो. तिथं वेग बदलता आला तरच षटकं मिळतात. क्लबच्या वरच्या डिव्हिजनमधून प्रांतीय संघ, तिथून आयर्लंड वुल्व्ज म्हणजे इथला ‘अ’ संघ, मग पुढं. त्याला फलंदाजी वाढवायला सांगा, निदान सातव्या क्रमांकाला पुरेल एवढी. कॉलेज निवडताना वसतिगृहापासून क्लबचं मैदान किती बसवर आहे तेही बघायला सांगा. सराव मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी असतो आणि भाडी इथं भयंकर आहेत. प्रवेशाचे अर्ज जानेवारीत भरले तर बरं.

काकूंना आणि सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बाळू