मंत्रीसाहेब, दर दोन तासांनी कूस बदलायचं कोणी ठरवलं?

मा. आरोग्यमंत्री साहेब,

सविनय नमस्कार.

पत्र लांब होणारे, आधीच सांगते. आत्ताच नाईट ड्यूटी करून आलेय, डोळे चुरचुरतायत पण झोप काही येत नाही, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. रीतसर अर्ज केला की तो खालच्या टेबलावर कुठेतरी अडकतो, म्हणून हे उघड पत्र.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे एकाच बाजूवर पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमा, होतात. मी हात वर करून विचारलं, दोनच तास का, तीन का नाही? ट्यूटर म्हणाल्या पुस्तकात आहे म्हणून. वर्ग हसला, मी गप्प बसले. त्यानंतर कितीतरी वर्षं रात्री १२, २, ४, ६ असं गाढ झोपलेल्या आजीआजोबांना हलवून उठवलं आणि दर वेळी ते "अगं बाई, आत्ता कुठे डोळा लागला होता" ऐकून घेतलं.

थोडंफार उत्तर खूप नंतर कळलं, तेही स्वतः शोधून. डोरीन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश नर्सनं दोन सहकाऱ्यांबरोबर म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात बसून बेडसोअरचा अभ्यास केला, तो १९६२ साली छापून आला. त्या काळी पाठीला काय काय चोळायचे, ज्याचा त्याचा नुस्खा वेगळा. पण खरा फरक पडतो तो अंगावरचा दाब वेळोवेळी काढला तर, हे त्यांनी दाखवलं. शिवाय तब्येत, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा अशा ५ गोष्टींना १ ते ४ मार्क देऊन कोणाला धोका जास्त आहे ते आधीच ओळखायची पद्धत बसवली. कागद-पेन पुरतं त्याला, मशीन लागत नाही.

पण गंमत पुढेच आहे. २०१३ साली नॅन्सी बर्गस्ट्रॉम (बेडसोअरचा धोका मोजायची ब्रेडन स्केल नावाची पद्धत करणाऱ्या दोघींपैकी एक, त्याही नर्सच) यांच्या टीमनं तोच माझा वर्गातला प्रश्न विचारला. अमेरिका आणि कॅनडातली २७ नर्सिंग होम (तिथे म्हणजे म्हाताऱ्यांना कायम सांभाळणाऱ्या संस्था), ९४२ रहिवासी, सगळ्यांना चांगली घट्ट फोमची गादी, आणि मग कोणाची कूस २ तासांनी, कोणाची ३, कोणाची ४ तासांनी बदलायची, असं ३ आठवडे. बेडसोअरच्या प्रमाणात फरकच नाही सापडला! म्हणजे गादी नीट असेल तर निदान तशा पेशंटांना रात्री थोडं जास्त झोपू देता येईल. साध्या किंवा फाटक्या गादीवर हे लगेच लागू करा असं मी म्हणत नाहीये, उलट म्हणूनच आपल्या गाद्यांवर, आपल्या पेशंटांवर हे तपासायला हवं ना कोणीतरी. एवढा साधा प्रश्न, आणि नीट तपासायला कित्येक दशकं लागली साहेब, कारण रात्री ४ वाजता कूस बदलणाऱ्या बाईला हा प्रश्न संशोधनाचा आहे असं कोणी कधी सांगितलंच नाही.

दुसरी गोष्ट लिहिताना मला लाज वाटते. हात बांधणं. आजोबा नळी ओढतात, उठून पडतील, म्हणून बँडेजनं हात कॉटला बांधायचे, मीही बांधलेत. पेशंटच्या भल्यासाठीच करतोय असंच वाटायचं. लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या अमेरिकेतल्या दोन नर्स-संशोधकांनी वर्षानुवर्षं ह्याच एका विषयावर काम केलं. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासात जिथे स्टाफला ट्रेनिंग दिलं आणि सोबत सल्ला द्यायला अनुभवी नर्स ठेवली तिथे बांधणं बरंच कमी झालं, आणि तरी पडून गंभीर दुखापती वाढल्या नाहीत, मनावर काम करणारी औषधंही वाढली नाहीत, जादा स्टाफही लागला नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममध्ये केवळ सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी बांधायला बंदी घातली होती. कायदा तुमच्या हातात असतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आमचीच चूक. ऑपरेशन झालेले किंवा ताप असलेले वयस्कर पेशंट अचानक गोंधळतात, त्याला डेलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा लगेच लक्षात येतो, पण जो भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतो त्याला आम्ही हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला माहिती देताना, "शांत आहे, काही त्रास नाही" म्हणून मोकळ्या होतो. शॅरन इनौये या डॉक्टरांच्या टीमनं २००१ साली ७० च्या पुढच्या पेशंटांवर हेच बघितलं तर डेलिरियम झालेल्यांपैकी जेमतेम ३१ टक्के पेशंटांमध्ये नर्सेसनी तो ओळखला होता. वाचून मला माझे कितीतरी "शांत" पेशंट आठवले. आणि उपाय काय, तर १९९९ च्या त्यांच्याच अभ्यासात चष्मा द्या, कानाचं मशीन लावा, पाणी पाजा, चालवा, गप्पा मारा, रात्री झोपू द्या, बस. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत डेलिरियम १५ टक्के, ह्यांच्यात ९.९ टक्के. औषध एकही नाही. चष्मा उशाखाली राहिलाय का हे बघायचं काम कोणाचं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण ते बघायला वेळ हवा. युरोपातल्या ९ देशांमध्ये ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ साली आला, लिंडा एकेन यांचा, ५० च्या पुढचे ऑपरेशनचे पेशंट, तर नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. एक पेशंट! आमच्या रात्रीच्या वॉर्डात किती असतात ते इथे लिहीत नाही, नोकरी टिकवायचीये.

तुमचे सचिव म्हणतील पैसे कुठून आणायचे. तर अमेरिकेतल्या नर्स-संशोधक मेरी नेलर यांचा १९९९ चा अभ्यास काढून वाचायला सांगा त्यांना. ६५ च्या पुढचे ३६३ पेशंट, अर्ध्यांना डिस्चार्जची तयारी आणि नंतर घरी येऊन बघणं हे सगळं जादा शिकलेल्या नर्सकडे दिलं. २४ आठवड्यांत पुन्हा ॲडमिट झाले २०.३ टक्के, बाकीच्यांमध्ये ३७.१ टक्के, आणि खर्च जवळजवळ निम्मा. नर्सवरचा खर्च वाया जातो म्हणणाऱ्यांना हा कागद दाखवा.

मग मागणी काय? पुरस्कार नको, नर्स डेला गुलाबाचं फूल तर नकोच नको. वॉर्डातल्या नर्सला आठवड्यातला एक दिवस अभ्यासासाठी ड्यूटीतून मोकळा द्या, आणि तिच्या जागी दुसरी माणूस द्या, नाहीतर तो दिवस मैत्रिणींच्याच डोक्यावर बसतो. संशोधनाच्या पैशातला ठराविक हिस्सा म्हाताऱ्यांच्या रोजच्या देखभालीसाठी बाजूला काढा, म्हणजे खाणं, झोप, चालणं, आंघोळ, संडास, ज्याच्यावर कोणती औषध कंपनी पैसे लावणार नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांना "संमती घेता येत नाही" म्हणून अभ्यासातून सरसकट वगळतात ते थांबवा, नातेवाइकांना विचारून आणि पेशंटचा कल बघून करता येतं, पण नियम तुम्हाला लिहावे लागतील. आणि मुख्य संशोधक म्हणून नर्सचं नाव चालेल एवढं एका ओळीचं परिपत्रक काढा.

ही शेवटची ओळ माझ्यासाठी आहे, लपवत नाही. मी एक साधं प्रपोजल दिलं होतं, तब्येत स्थिर असलेल्या वयस्कर पेशंटांना रात्री बीपी बघायला उठवलं नाही तर सकाळी ते कमी गोंधळलेले असतात का? परत आलं. शेरा होता, "मुख्य संशोधक डॉक्टर असावेत." ज्या डॉक्टरांकडे गेले ते भले माणूस, म्हणाले सिस्टर सही देतो पण रात्री मी वॉर्डात नसतो, मला ह्यातलं काय कळणार.

त्या प्रपोजलची ४ पानं आहेत. लॉकरमध्ये ठेवलीत. तुमच्या ऑफिसमधून कोणी मागितली तर आज रात्री ड्यूटीवर जातानाच देऊन जाईन.

आपली,
वॉर्डातली एक सिस्टर