नुसते पाणी ओतून भागत नाही

पावसाळा आला की धूरफवारणीची मागणी सुरू होते. पण त्या धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची. मात्र एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. तेव्हा पिंप, रांजण, कुंडीखालची ताटली काथ्याने खसाखसा घासायलाच हवी. गेल्या वर्षी नातवाला डेंग्यू झाला, तेव्हा आमच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळताना दिसल्या. तिकडे कधी लक्षच गेले नव्हते, याची आजही रुखरुख वाटते.

रिकामे न करता येणारे हौद आणि वापरात नसलेल्या विहिरी यांत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या फस्त करतात. नदी-तलावात मात्र नकोत, तिथल्या स्थानिक माशांना ते त्रासदायक ठरतात. कडुनिंबाची धुरी तेवढ्यापुरतीच, आणि घरात दमेकरी असेल तर तीही टाळावी. पालिकांनी प्रत्येक प्रभागात गप्पी मासे मोफत मिळण्याची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, नाशिक