जॅझ ऐकायचे तर आज कोण वाजवतेय ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतले मोठ्या शहरांवरचे लेख मी न चुकता वाचते. संग्रहालये, पूल, बागा, तिकिटे कुठे काढायची, मेट्रोचा कोणता पास घ्यायचा, सगळे नीट दिलेले असते. संध्याकाळ मात्र कोरी राहते. फार तर लेखाच्या शेवटी एक वाक्य असते: 'रात्री एखाद्या जॅझ क्लबला जरूर जा.' कुठल्या, कुठल्या वारी, तिथे कोण वाजवणार, याबद्दल अवाक्षर नाही. मग माणूस हॉटेलच्या काउंटरवर विचारतो आणि पाठवतील तिथे जातो. तिथे जेवणाच्या गलक्यामागे कोणीतरी ओळखीच्या चाली बेताने वाजवत असते. परत आल्यावर तो सांगतो, 'जॅझ ऐकले, ठीक होते.' त्याच रात्री त्याच शहरातल्या एखाद्या तळघरात चार वादक जीव ओतून वाजवत होते, हे त्याला कधी कळतही नाही. मला याचे फार वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

संग्रहालयाचा पत्ता दिला की काम भागते. चित्र आज आहे, उद्याही तिथेच असेल. जॅझचे तसे नाही. त्याच खोलीत सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरेच काही ऐकायला मिळते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला 'व्हिलेज व्हॅनगार्ड' घ्या. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये सुरू केलेला हा क्लब म्हणजे जिना उतरून गेल्यावर लागणारे एक त्रिकोणी तळघर. खुर्च्या सव्वाशेच्या आत-बाहेर. सोमवारी तिथे मोठा वाद्यवृंद बसतो. ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमवादक मेल लुइस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू केलेला हा सोमवारचा नेम त्या दोघांच्या पश्चातही चालू राहिला. मंगळवारी नवा संच येतो आणि बहुधा रविवारपर्यंत तोच राहतो. मला विचाराल तर अशा संचाला आठवड्याच्या शेवटी ऐकावे. तोवर वादकांना एकमेकांचा अंदाज आलेला असतो आणि जोखीम घ्यायला ते कचरत नाहीत. 'व्हॅनगार्डला जा' एवढेच छापले तर यातले काहीच वाचकापर्यंत पोचत नाही.

हे बारकावे हौशी लोकांचे चोचले नाहीत, या संगीताची घडणच तशी आहे. एखादी बारा मात्रागटांची ब्लूजची (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची) चौकट किंवा बत्तीस मात्रागटांचे जुने गाणे हाताशी घ्यायचे, सुरुवातीला मूळ चाल वाजवायची, मग त्याच स्वरसंगतीवर एकेकाने आपली उपज करायची आणि शेवटी सगळ्यांनी चालीवर परत यायचे. ख्यालाची बंदिश ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये याच व्हॅनगार्डमध्ये काही रात्री ध्वनिमुद्रण केले. त्याच रचना त्यांनी वेगवेगळ्या रात्री पुन्हा पुन्हा वाजवल्या. ती ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली की एकाच रचनेची किती रूपे होतात ते कळते. म्हणून कोण वाजवते आणि कोणाबरोबर वाजवते, हाच या शोधातला पहिला प्रश्न हवा. ठिकाण त्याच्या मागून आपोआप येते.

शोधायचे कसे? शहरात पोचल्यावर सर्वात खात्रीची माहिती वादकांकडूनच मिळते. पहिल्या रात्री जे सापडेल ते ऐकावे आणि दोन खेळांच्या मधल्या वेळात बास (खालच्या सुरांचे मोठे तंतुवाद्य) किंवा ड्रम वाजवणाऱ्याला गाठावे. पुढे उभा राहणारा सॅक्सोफोनवादक स्वतःच्या संचात गुंतलेला असतो, पण बास आणि ड्रमची माणसे आठवड्यात चार-पाच जणांच्या साथीला बसतात. उद्या कुठे काय चांगले आहे ते त्यांना ठाऊक असते आणि परक्या शहरातून आलेल्या श्रोत्याला ते आनंदाने सांगतात. कोणतेही मार्गदर्शक पुस्तक या मधल्या पंधरा मिनिटांची बरोबरी करू शकत नाही.

निघण्यापूर्वी घरबसल्याही बरेच जमते. क्लबचे चालू महिन्याचे वेळापत्रक पाहायचे, त्यातली नावे घेऊन त्या वादकांचे एक-दोन तुकडे ऐकायचे, आवडेल त्याची तारीख धरायची. शहरातले स्थानिक रेडिओ केंद्रही ऐकावे. न्यू ऑर्लिन्सला 'डब्ल्यूडब्ल्यूओझेड' हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे केंद्र आहे. ते दिवसभर दर दोन तासांनी त्या दिवशी कुठे कोण वाजवणार याची यादी वाचून दाखवते. एका शहराने आपल्या वादकांची एवढी काळजी घ्यावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये पर्यटक बोर्बन स्ट्रीटवर गर्दी करतात. थोडे पुढे फ्रेंचमेन स्ट्रीटला गेले तर एकामागून एक दारांतून जिवंत वाजवणे कानावर येते. पॅरिसला र्यू दे लोंबार या एकाच रस्त्यावर तीन नावाजलेले क्लब आहेत. अशा ठिकाणी एक बेत फसला तरी संध्याकाळ वाया जात नाही, म्हणून मोजकेच दिवस हाताशी असणाऱ्याला रस्त्याचे नाव क्लबच्या नावाइतकेच उपयोगी पडते.

टोकियोबाबत एक गोष्ट छापायलाच हवी. तिथे 'जॅझ किस्सा' नावाच्या छोट्या कॉफीगृहांची फार सुंदर परंपरा आहे. तिथे उत्तम यंत्रणेवर जुन्या तबकड्या लावतात आणि लोक गप्प बसून ऐकतात. जावेच, पण तिथे वादक बहुधा नसतो. प्रत्यक्ष वाजवणे ऐकायचे तर 'शिंजुकू पिट इन'सारखी जागा धरावी. साठच्या दशकापासून ती जपानी जॅझचे माहेरघर आहे.

रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी असेल तर जॅम सेशन चुकवू नये. आधी क्लबचा स्वतःचा संच दोन-तीन रचना वाजवतो, मग खाली बसलेल्यांतले कोणी वाद्य घेऊन वर जाते. कोणती रचना, कोणत्या सुरात, किती वेगाने, हे तिथल्या तिथे ठरते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या 'मिंटन्स प्लेहाउस'मध्ये १९४० च्या सुमारास थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी अशी वादक मंडळी या प्रकारे एकत्र येत आणि बीबॉप या वेगवान जॅझशैलीची घडण त्या रात्रींमध्ये झाली. न्यूयॉर्कचा 'स्मॉल्स' उत्तररात्रीच्या जॅमसाठी ओळखला जातो. लंडनला 'रॉनी स्कॉट्स'मध्येही मुख्य कार्यक्रमानंतर उशिराचा खेळ असतो. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादकाने स्वतः काढलेला क्लब आहे तो. जॅममध्ये सगळेच चांगले होते असे नाही. कधी नवखा मुलगा अडखळतो, मग शेजारचा पियानोवादक दोन सुरांत त्याला वाट दाखवतो. ते पाहण्यासाठी मी रात्रीची झोप केव्हाही सोडीन.

ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत किंवा ज्यांना बारमध्ये बसणे नको वाटते, त्यांना आपले लेख वाऱ्यावर सोडतात. न्यू ऑर्लिन्सच्या 'प्रिझर्व्हेशन हॉल'मध्ये मद्य विकत नाहीत, मुलांनाही आत घेतात आणि खेळ तासाभराच्या आत संपतो. १९६१ पासून तिथे जुन्या पद्धतीचे जॅझ जपले गेले आहे. न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये १९६५ मध्ये रविवारच्या सायंप्रार्थनेला जॅझची जोड देण्याची प्रथा सुरू झाली. शिवाय बहुतेक मोठ्या शहरांत संगीत महाविद्यालये असतात. त्यांच्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम पुष्कळदा विनामूल्य असतात, आणि त्यातली काही मुले उद्याची मोठी नावे असतात.

आत गेल्यावरच्या रीतीही दोन ओळींत सांगता येतील. रात्रीत साधारण दोन खेळ होतात, त्यांना सेट म्हणतात. तिकीट एका सेटचे की दोन्हींचे, हे आधी विचारावे. पुष्कळ क्लबांत तिकिटाखेरीज काहीतरी मागवण्याची किमान अट असते. ती आधी माहीत नसली की बिल पाहून माणूस चिडतो आणि राग संगीतावर निघतो. जिथे प्रवेश मोकळा आहे तिथे वादकांसाठी डबा किंवा टोपी फिरते. त्यात सढळ हाताने टाकावे, कारण बऱ्याचदा त्या रात्रीची कमाई तेवढीच असते. एकेकाचे वाजवणे संपले की टाळी द्यायची. बासची पाळी आली की गप्पा सुरू करणारी टेबले मला अजिबात सहन होत नाहीत. सर्वात हळू आवाजाचे वाद्य वाजत असते तेव्हाच शांततेची गरज असते. फोन खिशात ठेवावा.

महोत्सवांबद्दल आपण लिहिताच, ते चांगले आहे. माँट्रियल, कोपनहेगन, माँत्रू ही नावे लोकांना माहीत झाली आहेत. पण महोत्सवासाठी तारखा जुळवून जाणारे थोडे. कामासाठी, नातेवाइकांकडे किंवा सहलीला म्हणून एखाद्या शहरात चार रात्री काढणारे त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि माझा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

'आजचे कार्यक्रम' ही बारीक टाइपातली चौकट वृत्तपत्रांना नवी नाही. नाट्यगृहाचे नाव, प्रयोगाची वेळ, कलाकार, एवढेच त्यात असते, आणि वाचक आधी तीच उघडतात. शहरावरच्या प्रत्येक लेखासोबत जिवंत संगीताची अशी एक छोटी चौकट द्यावी, ही माझी विनंती आहे. तिथल्या एक-दोन रस्त्यांची नावे, कोणत्या वारी काय असते, जॅम कधी आणि कुठे, मुलांना प्रवेश आहे का, किमान मागणीची अट आहे का, आणि लेखकाने स्वतः ऐकलेल्या दोन-तीन स्थानिक वादकांची नावे. नावे छापाच, कारण क्लब बंद पडतात, जागा बदलतात, पण नाव हाती असले की वाचक त्या माणसाला शहरात कुठेही शोधून काढतो. लेख लिहायला जाणाऱ्याला एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवायला सांगा. पुढच्या कोणत्या शहरांवर लेख येणार आहेत ते कळवलेत, तर पहिल्या काही चौकटींसाठी वेळापत्रके आणि नावे जमवून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक