साप कोणता, हे नंतर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर शेताच्या बांधावरच्या दोन सापांचं छायाचित्र आलं होतं. खाली ओळ होती, ‘नाग-नागिणीचं मीलन’. छायाचित्र सुरेख होतं, पण ओळ साफ चुकीची होती. ते नाग नव्हते आणि ते मीलनही नव्हतं. त्या दोन धामणी होत्या, दोन्ही नर, आणि त्यांची झुंज चालली होती. पुढचं अर्धं अंग उभं करायचं, एकमेकांना पीळ घालायचा आणि समोरच्याचं डोकं खाली दाबत राहायचं. यात चावाचावी नसते, जो दमतो तो निघून जातो. आमच्याकडे असं काही दिसलं की लोक त्यांच्यावर नवा कपडा टाकायला धावतात. तो कपडा पेटीत ठेवला की घरात लक्ष्मी येते म्हणतात.

एका ओळीसाठी एवढं लांब पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते. आता निवृत्त आहे, तरी गावात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणसं आधी माझ्या अंगणात येतात. धामण ही नागाची बायको असं मानणारा माणूस बिनविषारी धामण चावली तरी भीतीनं अर्धमेला होतो, आणि जहरी मण्यार चावलेला माणूस ‘बिनविषारी कवड्या असेल’ म्हणून परत झोपतो. म्हणून ती ओळ मला लागली. वर्तमानपत्रात छापून आलेलं आमच्याकडे अजून खरं मानतात.

लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. साप दूध पितो का? नाही. उंदीर, बेडूक, पाली, पक्षी, अंडी, दुसरे साप हा त्यांचा आहार. पाण्याविना तहानलेला ठेवला तर तो दुधालाही तोंड लावतो, पण ते त्याला पचत नाही. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हेही तसंच. गोठ्यात उंदीर असतात म्हणून ती गोठ्यात येते. पुंगीवर नाग डोलतो का? सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते, हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही थोडेफार कळतात. पण डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीकडे बघून. सारखी जीभ का काढतो? वास घ्यायला. हवेतले वासाचे कण जिभेच्या दोन टोकांवर गोळा करून तो टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो.

डूख धरतो का, हा प्रश्न मात्र गंभीरपणे विचारला जातो. एक साप मारला आणि चार दिवसांनी तिथंच दुसरा दिसला, तर बाई रात्र-रात्र झोपत नाही. मी तिला एवढंच विचारते, तिथं लाकडांचा ढीग आहे का? कोंबड्यांचं खाद्य सांडतं का? दोन्ही असतं. उंदीर त्यासाठी येतात आणि उंदरांमागे साप. ढीग हलवला, जागा झाडून घेतली की डूख संपतो.

मांडुळाचं तेवढं रागानं लिहिते. शेपूट बोथट म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. एका निरुपद्रवी, मातीत राहणाऱ्या जनावराला गुप्तधनाच्या आणि लाखांच्या सौद्यांच्या थापांपायी माणसं पकडतात, वजन करतात, पोत्यात कोंबतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे. अशा टोळ्या पकडल्याची बातमी देताना त्या सापाची ‘बाजारातली किंमत’ छापू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. तो आकडा वाचूनच पुढचा माणूस कुदळ घेऊन निघतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस या चारही विषांवर एकच आहे. ती घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस देत नेतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनं हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींची १९७८ साली सुरू झालेली सहकारी संस्था पुरवते. एकच लस चौघांवर चालते म्हटल्यावर ‘साप कोणता’ या प्रश्नावर घरी अर्धा तास घालवायची गरजच राहत नाही. तरीही दरवर्षी लोक काठ्या घेऊन साप शोधतात, मारतात आणि पिशवीत घालून रुग्णालयात आणतात. त्यात वेळ जातो, आणि कधी कधी मारणाऱ्यालाही चावतो. अर्धवट मेलेला सापही चावतो.

आम्ही सापावरून नाही, पेशंटवरून ओळखतो. कोरडी, नवी काचेची नळी घ्यायची. त्यात २ मिली रक्त घ्यायचं आणि नळी टेबलावर उभी ठेवायची. २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून जागचं हललं नाही तर ठीक. पाण्यासारखं नळीच्या कडेनं ओघळलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलेलं आहे. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही. रक्त चांगलं असलं तरी त्यात गोठत नाही. याला यंत्र लागत नाही की वीज लागत नाही. नव्या मुलींना मी हे शिकवताना घड्याळ समोर ठेवायला लावत असे. नातेवाईक शेजारी उभे असतात, ‘सिस्टर, काहीतरी करा ना’ म्हणून रडत असतात, आणि तेव्हाच त्या नळीला न शिवता थांबायचं असतं.

फुरसं हे आमच्या सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या खडकाळ माळावरचं जनावर. जांभ्याच्या दगडाखाली, गवतात, काजूच्या बागेत बसतं. वीतभर-हातभर लांबीचं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. इंग्रजांच्या काळात रत्नागिरीत फुरशी मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे, एवढी त्यांची दहशत होती. आता लोक उलट टोकाला गेले आहेत. ‘फुरशाचं काय, उतरतं’ म्हणून झाडपाल्याचा लेप लावतात आणि बसतात. हाताची सूज कोपरापर्यंत चढते, दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, तेव्हा रिक्षा शोधतात.

मण्यार याहून वाईट, कारण ती कळतच नाही. रंग निळसर काळा, चकचकीत, त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. या पट्ट्या मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटाकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याच्या पट्ट्या मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटाकडे पुसट होतात. पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हे बघत बसू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की डास चावल्यासारखं वाटतं. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घसा धरतो. घरचे ओवा-सोडा देतात. मग पापण्या जड होतात, तर म्हणतात झोप आली असेल, झोपू द्या.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं, तर मी त्याला आढ्याकडे बघायला सांगते. पापण्या वर जात नसतील किंवा एका श्वासात मोजायला सांगितलेले आकडे दहा-बारापर्यंतही जात नसतील, तर अंगावर दाताची खूण दिसो न दिसो, गाडी काढायची. मात्र या खुणा नाहीत म्हणून घरी थांबायचं नाही.

अशाच एका बाईला आमच्याकडे आणलं होतं. घरच्यांनी आधी भगताकडे नेलं होतं. आणली तेव्हा डोळे मिटलेले, जीभ मागे पडलेली, श्वास वरवर. लस चालू केली आणि अँब्यू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत जिल्ह्याच्या गावी निघालो. व्हेंटिलेटर तिथंच होता. मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना जखडलं की लसही ते सहजी सोडवू शकत नाही. शरीर सावरेपर्यंत कित्येक दिवस माणसाला यंत्रानं श्वास द्यावा लागतो. गाडीत तिची जाऊ मोठमोठ्यानं रडत होती, ‘गेली गं माझी’ म्हणत होती. बाई वाचली. पुढे भेटायला आली तेव्हा जावेचं वाक्यन्‌वाक्य तिनं मला सांगितलं. तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त पापणी उचलता येत नव्हती. म्हणून सांगते, पापण्या मिटल्या, हातपाय लुळे पडले म्हणजे माणूस गेलं असं समजून रुग्णालयाच्या वाटेवरून गाडी परत फिरवू नका. आणि त्याच्याशी बोलत राहा.

भगताकडे बरं झालेली माणसं मीही पाहिली आहेत. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं मारुतीच्या देवळात नेली नसती, कडुनिंबाचा पाला चघळायला दिला नसता, तरी वाचलीच असती. भगताची कीर्ती त्यांच्यावर उभी राहते आणि तिची किंमत मण्यारीचा पेशंट मोजतो.

चावल्यावर करायचं ते थोडंच आहे. माणसाला चालू-पळू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीनं आधार देऊन स्थिर ठेवा. दोरीनं आवळून बांधू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं ओढू नका, कोंबडीची पिल्लं लावू नका. अंगठी, पैंजण, बांगड्या लगेच काढा. सवाष्णीच्या हातातला चुडा काढायला घरचे तयार होत नाहीत. सुजलेल्या मनगटात रुतलेल्या काचेच्या बांगड्या मी फोडून काढल्या आहेत आणि सासूबाईंची बोलणीही ऐकली आहेत. १०८ला फोन करा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. रुग्णालयात लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस देतात, त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका. सापानं मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. घाटातला हिरवा चापडा या लसीत येत नाही, त्याचे उपचार वेगळे, पण तेही डॉक्टरांनीच ठरवायचे.

नागपंचमी तोंडावर आहे. मी पाटावर गंधानं नाग काढते, लाह्या-दूध ठेवते, त्या दिवशी विळी धरत नाही, तवा चढवत नाही, पुरणाची दिंडं उकडते. नांगराखाली नागिणीची पिल्लं गेली ती कहाणी नातवंडांना सांगते. घरामागच्या वारुळाला आमच्याकडे राखणदार म्हणतात, त्याला कुणी कुदळ लावत नाही, आणि ते मला फार योग्य वाटतं. पावसानं बिळं भरून साप बाहेर पडलेले असताना जमीन खणू नका, नांगरू नका, हे सांगणाऱ्या माणसांना त्यांची चांगली माहिती होती. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून होणारी पूजा उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबली, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. पण पाटावरच्या नागाची पूजा काही उणी नाही. गळ्यात नाग घालून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या हौशी सर्पमित्रांना मात्र आपण प्रसिद्धी देऊ नये. खरं काम करणारा सर्पमित्र साप पकडतो, वनखात्याला कळवतो आणि सोडून येतो.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. बरेचसे घरीच, खेड्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्रानं मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचा. याच कोकणात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या साध्या गोळीनं विंचूदंशाचे मृत्यू कसे खाली आणता येतात, हे जगाला दाखवलं आहे. तेव्हा हे होण्यासारखं आहे.

ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठीही एक गोष्ट छापा. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पण माणूस रुग्णालयात नेलंच नाही आणि परस्पर अंत्यविधी केला, तर हातात वैद्यकीय कागद राहत नाहीत आणि त्या बाईला वर्षभर हेलपाटे घालावे लागतात.

आपल्याकडे माझी मागणी एकच. मृगापासून दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर रोज चार ओळींची चौकट द्या: आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या आरोग्य केंद्रात आज लस शिल्लक आहे, कोणत्या रुग्णालयात व्हेंटिलेटर चालू आहे आणि रात्री तिथं फोन कोण उचलेल. ही माहिती जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे असते. आपल्या वार्ताहरानं रोज विचारली, तर ती अद्ययावतही राहील.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी