निवृत्तांचे वर्ग का ओस पडतात?

महोदय,

निवृत्तांसाठीचे वर्ग उत्साहात सुरू होतात आणि काही महिन्यांत ओस पडतात. दोष वयाला दिला जातो; खरा दोष बहुधा आखणीचा असतो. मोबाइलचा वर्गच घ्या. तीस जणांना एका पडद्यावर दाखवून उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा फोन वेगळा, बटणांच्या जागा वेगळ्या. दहा-बारा जण, शिकवणारा एक, मदतनीस दोन आणि एका बैठकीत एकच काम: आज फक्त फोटो पाठवणे. मदतनिसाने शिकणाऱ्याचा फोन स्वतःच्या हातात मुळीच घेऊ नये. पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटे तेच काम टिपण न पाहता करून घ्यावे. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, तर कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचे ओठ दिसतात.

शिक्षक बाहेरूनच आणायला हवेत असेही नाही. फ्रान्समध्ये तुलूझ येथे १९७३ साली 'तिसऱ्या वयाचे', म्हणजे निवृत्तीनंतरच्या वयाचे, 'विद्यापीठ' सुरू झाले, ते तिथल्या नेहमीच्या विद्यापीठाच्या आधाराने. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात त्यातूनच सभासदांनी सभासदांना शिकवण्याची पद्धत रुजली. आम्हाला तीच अधिक टिकाऊ वाटते.

अशीच आखणी निवृत्तांच्या स्वयंसेवेलाही लागते. तिच्यासाठी 'जमेल तसे या' हे सर्वांत वाईट निमंत्रण. काम, वार, तास आणि अडचणीत कोणाला विचारायचे, हे लिहून द्यावे. आठवड्याला दोन-तीन तास पुरेत. प्रत्येक कामाला दोघांची जोडी हवी, नाहीतर एकाच्या आजारपणात काम बंद पडते. निवृत्त लेखापालाला खुर्च्या मांडायला लावू नका, हिशेब तपासायला द्या; अर्थात त्याला आता आकडे नकोसे झाले आहेत का, हे आधी विचारून.

– प्रौढ शिक्षणातील काही कार्यकर्ते