उत्तर सांगायची घाई करू नकोस, मनू

सांगली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारचा तुझा ऑनलाइन वर्ग दादूच्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकला. फोनवरच बोलणार होते, पण हे सगळं सलग सांगायचंय आणि तुला सवडीनं पुन्हा वाचता यावं, म्हणून लिहून पाठवते.

तू शिकवतेस छान. वेग आणि त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) यांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत सांगणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत, आणि शाळेत विज्ञान शिकवण्यातच माझा जन्म गेलाय. पुण्यात स्वतःचं इंजिनिअरिंग सांभाळून गावाकडच्या पोरांना नववीचं फिजिक्स शिकवायचं तुझ्या मनात आलं, याचा मला फार अभिमान आहे. पण तासभर बोललीस ती तूच. आठ पोरांकडून ऐकू आलं ते फक्त "यस ताई". नुसतं ऐकायचंच असेल तर यूट्यूबवर व्हिडिओंना काय तोटा? आठ जणांना एका वेळी एकत्र बसवलंय ते कशासाठी, एवढ्या एकाच गोष्टीचा तू विचार करावास असं मला वाटतं.

तू विचारलंस, "वर फेकलेला चेंडू अगदी वरच्या टोकाला असताना त्याचं त्वरण किती?" दादूनं वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं शून्य काढलं. तेवढ्यात तूच म्हणालीस, "9.8, खालच्या दिशेनं, बरोबर ना?" त्यानं शून्य खोडलं, 9.8 लिहिलं आणि "यस ताई" म्हणाला. परीक्षेत तो हेच लिहील आणि मार्क मिळवील. पण वर्ग संपल्यावर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, चेंडू तिथं थांबतो की गं. मग त्वरण कुठनं आलं?" आणि चित्र काढायला सांगितलं तर वर जाणाऱ्या चेंडूवर त्यानं वरच्या दिशेनं एक बाण काढला, म्हणे "हाताचं बल". हात तर केव्हाच सुटला! हसू नकोस त्याला. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याचा जोर साठून राहतो, असं मोठमोठे विद्वान शेकडो वर्षं मानत आले. न्यूटनचे गतीचे नियम छापून आले ते 1687 साली. दादूला ती वाट एका शनिवारात कशी कापता येईल?

तो बाण त्या आठांपैकी निम्म्यांच्या तरी मनात असणार. तो कागदावर आला, दुसऱ्यानं "हात सुटल्यावर बल कुठलं रे?" म्हणून अडवलं, की गटाचं काम सुरू झालं. ताईपुढे मुलं मान डोलावतात, आपल्या वयाच्या पोराशी मात्र भांडतात.

त्वरणासाठी तू पुण्याच्या मेट्रोचं उदाहरण दिलंस. भिलवडीच्या पोरांनी मेट्रो कुठं पाहिलीय? त्यांना पूर विचार. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात घरोघरी एकच बोलणं: पाणी किती आलं, ताशी किती इंचानं चढतंय, वाढ मंदावली का. "पाणी चढतंय, पण वाढ मंदावली" या वाक्यात वेग आणि त्वरण दोन्ही आले, आणि तेही उलट दिशांचे. वर जाणाऱ्या चेंडूचं याहून वेगळं काय असतं?

आकडे सोयीचे घे. सकाळी सहाला 36 फूट, नऊला 38, बाराला 39, तीनला पुन्हा 39, संध्याकाळी सहाला 38. दर तीन तासांची वाढ पोरांनाच काढू दे: 2, 1, 0, उणे 1. मग विचार, बारा ते तीन पाणी जागचं हललं नाही, तर त्या वेळी बदल थांबला होता का? वाढ तर प्रत्येक टप्प्याला एकेका फुटानं घटतेच आहे, शून्यावर येतानाही आणि शून्याच्या खाली जातानाही. पाणी थांबलं म्हणून घट थांबली नाही. हे त्यांचं त्यांना दिसलं की चेंडूकडे परत ये. फक्त एक जप. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत होती, आणि काहींच्या घरात ते शिरलं होतं. कुणी त्याबद्दल बोलायला लागलं तर बोलू दे, धडा जरा थांबला तर थांबला.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं अवघड असतं, फोनवर तर फारच. रेंजमुळे आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे शांतता आहे त्याहून मोठी वाटते. मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात शाळांत जाऊन याचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं लांब आणि विचार करून उत्तरं देतात, असं त्यांना आढळलं. तू मनात दहापर्यंत मोज.

आणि पहिलं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येऊ दे. चॅटमध्ये अ, ब, क असं टाइप करून ठेवायचं, पाठवायचं नाही. तू "पाठवा" म्हणालीस की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. म्हणजे हुशार पोराचं बघून लिहिता येत नाही. उत्तरं वेगवेगळी आली तर बरोबर कोणतं ते सांगू नकोस. दोघादोघांना बोलू दे, मग पुन्हा पाठवू दे. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी 1991 पासून आपल्या वर्गात हेच चालवलं. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे, पण जड ट्रक हलक्या मोटारीला धडकला तर कोण कोणावर जास्त बल लावतं, असं साधं विचारलं की गोंधळायचे. तिथं ही गत, तर आपल्या पोरांनी लाजायचं काय कारण?

पेन्सिलीचं चित्र कॅमेऱ्यात दिसत नाही, काळं स्केचपेन घ्यायला सांग. वही धरल्यावर आपल्याला अक्षरं उलटी दिसतात म्हणून पोरं ती फिरवत बसतात. समोरच्यांना ती सरळच दिसतात, हे एकदा सांगून टाक. भिलवडीच्या त्या मुलीचा कॅमेरा सारखा बंद असतो, तो चालू कर म्हणून तिला टोकू नकोस. घरात एकच खोली असेल तर तिनं काय दाखवायचं?

पुढच्या शनिवारी पट्टीचा प्रयोग घे. घरच्या कुणीतरी पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, पोरानं खाली बोटं उघडी ठेवून ती चिमटीत पकडायची. पट्टी 20 सेंटिमीटर सुटली, तर हात हलायला 0.2 सेकंद लागले. पडण्याच्या सूत्रात (s = ½gt²) घालून पोरांनाच काढू दे. आठ घरांतले आठ आकडे एका तक्त्यात आले की कुणाचा जास्त, कुणाचा कमी, एकाच माणसाचा दर वेळी वेगळा का, यावर तासभर बोलणं पुरेल. मात्र कंपासपेटीतली पट्टी 15 सेंटिमीटरची असते, ती बहुतेकांच्या बोटांतून पकडायच्या आतच निसटून जाईल. 30 ची लागेल. शुक्रवारीच ग्रुपवर तसा निरोप टाक, म्हणजे नसेल त्याला दुकानातून आणता येईल.

तुझी,
आई